फेरभरण

गडमोहोळच्या गूळ बाजारात आता काहीच हरवत नाही. छत्री विसरून माणूस चहाच्या गाड्यापाशी पोचतो न पोचतो तोच खांबावरचा भोंगा त्याच्या नावानं हाक मारतो, की पाटील, तुमची छत्री सात नंबरच्या अडतीत राहिली आहे. एखाद्यानं कोपरा बघून पान थुंकलं, तर पिंक वाळायच्या आत दंड त्याच्या खात्यातून वळता झालेला असतो. गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, बोट लावून कोण चाटतो, कोणता अडत्या सौद्याच्या आधी कोणत्या व्यापाऱ्याच्या कानाला लागतो, सगळं त्या खांबांना ठाऊक. सुरुवातीला लोक खांबाखालून जाताना अंग चोरायचे, मग सवय झाली. माणूस देवाच्या डोळ्यांची सवय करून घेतो, तिथं कॅमेऱ्याचं काय.

सुकुमार मगदूम या बाजारात तोलाईदार होता. सौदा ठरला की गुळाचे रवे काट्यावर चढवून वजन पुकारायचं, हे त्याचं काम. त्याचं जे हरवायचं ते हे खांब उभे राहायच्या आधीच हरवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याला, हंगामाचा पहिला मुहूर्ताचा सौदा चालू असताना त्याची सहा वर्षांची मुलगी सन्मती पिवळा फ्रॉक घालून बापाच्या काट्याशेजारी बसली होती. त्याची बायको त्रिशला येऊन तिला घरी नेणार होती. त्रिशलाला यायला उशीर झाला. मधल्या वेळात सुकुमारनं मान वर केली, तर पोरगी जागेवर नव्हती. तो समजला, आई घेऊन गेली. त्रिशला आली, काट्याशेजारची जागा रिकामी दिसली, ती समजली, बापानं कुणाच्या तरी घरी खेळायला धाडली. दोघांची गाठ पडली ती संध्याकाळी, घरच्या उंबऱ्यावर, आणि दोघांनीही एकदमच विचारलं की सनू कुठं आहे.

तेव्हापासून त्या घरात एक गोष्ट कधी बोलली गेली नाही. तू उशिरा का आलीस, हे त्यानं विचारलं नाही. तुमचं लक्ष कुठं होतं, हे तिनं विचारलं नाही. न विचारलेला प्रश्न घरात पाहुण्यासारखा राहतो, जेवायला दोघांच्या मध्ये बसतो.

पुरावा म्हणून एकच वस्तू होती. बाजार समितीनं तेव्हा फाटकावर एक कॅमेरा लावलेला होता, तोही कुठल्याशा बंद पडलेल्या पतपेढीचं सामान लिलावात निघालं त्यातून उचललेला. त्याच्या जोडीला चित्र टिपणारं जुनं फितीचं यंत्र. नवी फीत घ्यायची म्हणजे सभेत ठराव आला, म्हणून समिती तीच फीत पुन्हा पुन्हा वापरायची. चित्रावर चित्र, त्यावर चित्र. पोलिसांनी काढून घेतलेल्या त्या पाडव्याच्या चित्रात फाटकाकडे चाललेला एक मोठा डाग दिसायचा आणि त्याचा हात धरलेला एक छोटा, फिकट डाग. छोटा डाग सनूचा, हे आईबापांना न सांगता कळलं. मोठ्या डागाच्या डोक्यावर काहीतरी होतं. टॉवेल की पदर, तेसुद्धा कळत नव्हतं.

पोलिसांनी करायचं ते सगळं केलं आणि मग थांबले. ठाण्यातले हवालदार मुल्ला मात्र मायाळू माणूस. त्यांनी सुकुमारला एक युक्ती सांगितली. म्हणाले, माणसाला विचारून आठवत नाही, दाखवलं की आठवतं. पाडव्याला तीच माणसं बाजारात येतात, तेच व्यापारी, तेच गाडीवान. त्यांच्या डोळ्यांपुढून तेच चित्र पुन्हा ने.

सुकुमारनं ती गोष्ट मनावर घेतली. दर पाडव्याला त्रिशला सहा वर्षांच्या मापाचा पिवळा फ्रॉक शिवायची. शेजारपाजारची त्या वयाची एखादी मुलगी तिच्या आईच्या पाया पडून मागून आणायची. मग सुकुमार डोक्यावर टॉवेल टाकून, त्या मुलीचा हात धरून, काट्यापासून फाटकापर्यंत सावकाश चालत जायचा आणि वाटेत प्रत्येकाला विचारायचा, असं कुणाला जाताना बघितलंय का. पहिल्या वर्षी लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं पुढं लोक सौद्याच्या गडबडीत जरा बाजूला सरून वाट द्यायला लागले. दोन वर्षं लागोपाठ त्याची कंबर धरली, तेव्हा त्याच्याऐवजी त्रिशला चालली, डोक्यावरून पदर घेऊन. एरवीही तोलाई संपली की तो फाटकाशी उभा राहायचा आणि त्रिशला त्याला तिथंच चहा आणून द्यायची. कुणाला काही आठवलं नाही. पण दोघं चालत राहिले, कारण चालायचं थांबवणं म्हणजे पोरगी गेली असं म्हणणं होतं.

पाच वर्षांपूर्वी नवे खांब आले. जुन्या आणि नव्या कॅमेऱ्यात फरक काय, हे समितीच्या सभेत एका पोरसवदा इंजिनिअरनं समजावलं होतं, आणि शेतकऱ्यांना ते बरोबर कळलं होतं. जुना कॅमेरा समोरच्या उजेडाची लाट करतो आणि तारेतून सोडतो. पाटाचं पाणी जसं शेवटच्या वाफ्यापर्यंत जाईतो निम्मं मुरतं, तशी ती लाट वाटेत मुरते, आणि फितीवर पडते तेव्हा उरलीसुरली असते. नवा कॅमेरा उजेडाचे आकडे करतो. आकडा मुरत नाही. पाच सोडला की पाचच पोचतो. शिवाय नवे कॅमेरे एकमेकांशी जाळ्यानं जोडलेले. एकानं पाहिलेलं दुसऱ्याला कळतं, आणि सगळे मिळून शिकतात. कोण कसा चालतो, कोण कुठं रेंगाळतो, कोणाच्या सोबत कोण असतं, हे सगळं साठत साठत त्या जागेचं एक ज्ञान तयार होतं. त्याला ओळखसंच म्हणतात. गडमोहोळ बाजाराच्या ओळखसंचाला सुकुमारची चाल तोंडपाठ होती.

आणि मग सरकारनं ठरवलं की राज्यात कुठंही जुनी फीत उरता कामा नये. जिथं जिथं अशा फिती पडून आहेत, त्या सगळ्यांचे आकडे करायचे. ही बातमी ऐकली त्या दिवशी सुकुमार काट्यावरून उठला तो थेट ठाण्यात गेला, तिथून जिल्ह्याला, तिथून पुण्याला. आमची फीत आधी घ्या, एवढंच त्याचं मागणं. साहेबांच्या दारात बसून बसून त्यानं ते मिळवलं. कुणी त्याच्यावर लादलेलं नव्हतं काही. त्यानं हात जोडून मागून आणलं.

पुण्याहून डॉ. गौतमी निमकर आल्या. हे रूपांतर करणारं यंत्र ज्या चार-पाच लोकांनी मिळून घडवलं, त्यांतल्या त्या एक. बाई साध्या होत्या, बोलायला मोकळ्या. यंत्र समितीच्या दालनात मांडायच्या आधी त्या सुकुमारबरोबर फाटकापर्यंत चालत गेल्या, जागा पाहिली, आणि तिथंच कट्ट्यावर बसून त्याला सगळं समजावून सांगितलं. तसा नियमच होता, पण त्यांनी ते मनापासून केलं, एवढं म्हणायला हवं.

त्या म्हणाल्या की नुसते आकडे केले तर डागाचा डागच राहील, फक्त आकड्यांतला डाग. म्हणून त्यांच्या यंत्रात एक पुढची पायरी आहे. लाटेतलं जे मुरून गेलं, ते यंत्र त्या जागेच्या ओळखसंचातून भरून काढतं. याला त्या भरण म्हणत.

"म्हंजे नसलेलं घालतंय?" सुकुमारनं विचारलं.

"नसलेलं नाही. तिथं जे असावं, ते. फाटकावरचा तुमचा हा फलक बघा. त्यातलं एक अक्षर पुसलंय, तरी तुम्ही वाचताच ना? कारण इथं काय लिहिलेलं असणार, ते तुम्हाला माहीत आहे. यंत्रही तेच करतं. उंची, खांदे, हाताचा झोका, जेवढं फितीत उरलंय तेवढ्याशी सगळ्यात जास्त काय जुळतं ते शोधतं, आणि चेहऱ्याचं वय तेवढी वर्षं मागं नेतं."

"आणि चुकलं तर?"

"फार क्वचित चुकतं. शंभर परीक्षांत आम्ही बघितलंय." मग त्या म्हणाल्या, "एक मात्र सांगायला हवं. भरण झालं की तीच मूळ नोंद. जुनी फीत नष्ट करतात. एका प्रसंगाच्या दोन नोंदी राहिल्या की न्यायालयात घोळ होतो. चालेल ना?"

कुठलाही शहाणा माणूस इथं थबकला असता. पण अकरा वर्षं दोन डागांकडे पाहत बसलेल्या बापाला शहाणपण कुठून सुचणार. "घाला मॅडम, काय घालायचं ते घाला," तो म्हणाला. "पर मला त्याचं तोंड दावा." आणि त्यानं संमतीचा अंगठा बाईंनी पुढं केलेल्या काचेवर टेकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीच्या दालनात पडदा लागला. निरीक्षक घोरपडे आले, सुकुमार आणि त्रिशला पुढच्या खुर्च्यांवर बसले. त्रिशलानं नवं पातळ नेसलं होतं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आधी नुसती मुंग्यांची खळबळ दिसली. मग तिच्यातून फाटक वर आलं, मग फाटकावरचं झेंडूचं तोरण, मग गाड्या, बैलांची शिंगं, पोत्यांवरची अक्षरं. त्रिशलाच्या तोंडून आवाज निघाला, कारण छोट्या डागाचा पिवळा फ्रॉक झाला होता आणि त्या फ्रॉकावर तिनं स्वतः घातलेली टिपेची नक्षी दिसत होती. मग सनूनं मान वर केली आणि हात धरलेल्या माणसाकडे बघून हसली. पुढचा एक दात पडलेला होता.

माणसानं मान वळवली. डोक्यावर टॉवेल, मिशा काळ्याभोर, गालावर मांस. तो सुकुमार होता.

सुकुमारला आधी हसू फुटलं, कारण ते इतकं उघड खोटं होतं की आता सगळेच हसतील असं त्याला वाटलं. कुणी हसलं नाही. तो म्हणाला, हे पाडव्याचं आमचं चालणं आहे, यंत्रानं ते ह्यात घातलंय, दर वर्षी तुमच्या समोर तर चालतोय मी. मग त्याला ते सुचलं. "दात बघा दात. सनूचा दात कुठं पडला हुता तवा? ती गेल्या साली नेलेली कुंभाराची पोरगी, तिचा पडला हुता. त्रिशला, सांग की."

त्रिशला पडद्याकडेच बघत होती. चित्र थांबवलेलं होतं, पोरगी हसत होती. "हालत हुता," ती म्हणाली. "चार दिस झालं हालत हुता. सकाळी पडला आसंल." तिचा आवाज अगदी शांत होता. मग तिनं आपली खुर्ची नवऱ्याच्या खुर्चीपासून थोडी लांब सरकवली.

माणसाचं असंच आहे. आठवण आपली असते, पण ती अंधूक असते. चित्र परकं असतं, पण ते लख्ख असतं. दोघांत भांडण लागलं की आठवणच माघार घेते. त्याच दुपारी फीत नियमानुसार वितळवली आणि सुकुमारला कोठडीत नेलं. बाजारानं एका दिवसात मत बनवलं. म्हणूनच दर वर्षी नाटक करत होता, लोक म्हणाले. एवढं कोण कुणासाठी रडतं? जे अकरा वर्षं बाजूला सरून वाट देत होते, त्यांना आता त्याच्या चालण्यातच पाप दिसायला लागलं.

पुढच्या दिवशी निमकरबाई कोठडीत भेटायला आल्या. आरोपीचा एक हक्क असतो आणि तो समजावून सांगणं त्यांचं काम होतं. आरोपीनं मागितलं तर त्याचा चेहरा, चाल, सगळं ओळखसंचातून काढून टाकायचं आणि पुन्हा भरण करायचं. यंत्राला कुणीच पुरेसं जुळणारं सापडलं नाही, तर आरोपी सुटतो. याला फेरभरण म्हणत. हा हक्क कायद्यात यावा म्हणून निमकरबाई स्वतः भांडल्या होत्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"मग करा की," सुकुमार म्हणाला. "आत्ता करा."

"लाटेचे आकडे माझ्याकडे आहेत, त्यांवर चाचणी म्हणून करून पाहिलं," त्या म्हणाल्या. "अर्ज करायच्या आधी तुम्हाला कळायला हवं, म्हणून. दुसरं कुणीतरी निघतं. तुमच्यापेक्षा थोडं कमी जुळतं, पण कायद्याला पुरतं. अर्ज केलात तर तुम्हाला सोडतील आणि त्यांना धरतील."

"कोन?"

बाईंनी उत्तर न देता हातातली काचेची पाटी त्याच्याकडे वळवली. बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, तरी मान आपोआप वर झाली. तेच फाटक, तेच तोरण. सनूनं वर बघितलं आणि हसली. पदर सावरत त्रिशलानं मान वळवली. तरुण, गोल तोंडाची, लग्नानंतर काही वर्षांनी दिसायची तशी.

हे कसं झालं ते सुकुमारला पुरतं ठाऊक होतं. खांब आल्यानंतरची ती दोन वर्षं, त्याची कंबर, पदर घेऊन चाललेली त्रिशला, तो रोजचा चहा. यंत्रानं तेच उचललं होतं, जसं त्याचं उचललं होतं. त्याच्या इतकं हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तरीही, चित्राकडे बघता बघता, त्याच्या मनात अकरा वर्षं तोंड दाबून ठेवलेला प्रश्न उभा राहिला: त्या दिवशी हिला उशीर का झाला होता? त्याला स्वतःची किळस आली. पण प्रश्न उठला तो बसेना.

"दोघांचंबी काढून टाका," तो म्हणाला.

"हक्क फक्त आरोपीला आहे, आणि तो स्वतःच्या चेहऱ्यापुरता. त्या आरोपी झाल्या की त्या त्यांचा काढायला सांगू शकतात. पण तेव्हा तुमचा परत आत येईल."

"म्हंजे ती सुटली की मी, आन् मी सुटलो की ती."

"हो. तसं होतंय खरं." त्या खजील झाल्या, पण खोटं बोलल्या नाहीत.

मग त्यानं त्यांना न्यायालयात येऊन खरं सांगायला विनवलं. तुम्ही यंत्र केलंय, तुमचं ऐकतील. बाईंनी त्यालाही सरळ उत्तर दिलं. राज्यभर कितीतरी माणसं भरणावरून आत गेली आहेत. एक चुकलं म्हटलं तर सगळीच दारं उघडावी लागतील, आणि त्यांतल्या बहुतेकांनी खरोखरच गुन्हा केलेला आहे. शिवाय चुकलं हे दाखवणार कशावरून? ताडून बघायला फीत उरलेली नाही, आणि लाटेच्या आकड्यांत डागापलीकडे काही नाही. बोलता बोलता त्यांनी चष्मा पुसला. शिकलेल्या माणसाला वाईट वाटलं की तो चष्मा पुसतो, त्यानं समोरच्याचं काही भलं होत नाही.

"मॅडम, एक सांगा. मी न्हाई, हे तुमाला तरी म्हाईत हाय का न्हाई?"

डॉ. निमकर यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मला एवढंच माहीत आहे की यंत्राला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं मला माहीत नाही, सुकुमारराव. ते आता कुणालाच माहीत होऊ शकत नाही."

त्या गेल्यावर सुकुमार भिंतीला टेकून बसला आणि त्यानं हिशेब मांडला. तो मोठा अवघड नव्हता. त्रिशला अशी कोठडीत बसली तर आठवडाभरही जगायची नाही. तिनं केलं नसेल, तर तिला वाचवलंच पाहिजे. आणि केलं असेल, तर... त्या वाक्याला पुढचं टोक त्यानं येऊ दिलं नाही. खटला उभा राहिला की वकील फेरभरण मागणारच. वकिलाला काय, त्याला अशील सोडवायचा. वकिलाचं तोंड बंद करायला एकच उपाय होता. संध्याकाळच्या आत त्यानं घोरपड्यांना बोलावलं आणि सांगितलं, मीच नेली. नदीच्या घाटावर नेली आणि पाण्यात ढकलली. नदी अशासाठी की नदी हाडं मागू देत नाही. का ढकलली, याला त्यानं डोकं फिरलं होतं एवढंच उत्तर दिलं, आणि घोरपड्यांनी ते चालवून घेतलं. चित्र हातात असलं की कारणावाचून कुणाचं अडत नाही.

सकाळी त्रिशला आली. घोरपडे तिला वैनी म्हणत, आणि वैनींना दोन मिनिटं भेटायचंय म्हणून ते शेजारीच उभे राहिले. सुकुमारला वाटलं होतं ती ओरडेल, चप्पल फेकून मारेल. ती गजांसमोर खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर त्यानं अकरा वर्षांत न बघितलेलं काहीतरी होतं. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती.

"मला रोज वाटायचं माझ्यामुळं गेली," ती म्हणाली. "त्या दिशी मी आरशाम्होरं बसून केस इंचरत हुते. पाडवा हाय, तुमी बघशीला, म्हून. उशीर त्यानं झाला. अकरा वर्सं ते केस डोक्यावर घिऊन हिंडले मी."

तर उशीर एवढ्यासाठी झाला होता. तो उठून बसलेला प्रश्न असा एका वाक्यात मेला, आणि आता त्याला खरं सांगायची मुभा राहिली नव्हती. मी नेली नाही म्हणावं, तर ते केस पुन्हा तिच्या डोक्यावर आणि वर कोठडी.

"रडली का वो ती?" त्रिशलानं विचारलं.

हा प्रश्न त्यानं स्वतःला इतक्यांदा विचारला होता की त्याला उत्तर नाही, हे तरी त्याला पाठ होतं. "न्हाई," तो म्हणाला. "हसत हुती. तूच बघितलंस की."

"व्हय. बघितलं." तिनं मान हलवली. "दात पडलेला, आन् मला म्हाईतच न्हवतं." मग ती उठली आणि नवऱ्याकडे पाठ करून घोरपड्यांकडे वळली. "सायेब, घाटावर कॅमेरा हुता का वो तवा?"

घोरपडे म्हणाले की तेव्हा नव्हता, आता आहेत. पण निमकरबाईंचं नवं यंत्र येतंय, त्याला म्हणे फीतही लागत नाही. कबुलीजबाब असला, जागा आणि तारीख सांगितली, की पुढचं सगळं ते भरून देतं. खटल्याला लागलं तर मागवूही.

"मागवा," त्रिशला म्हणाली. "मला बघायचंय. कसं ढकललं ते समदं बघायचंय मला."

घोरपड्यांनी बघतो म्हटलं आणि तिला जिन्यापर्यंत पोचवायला गेले. सुकुमार गजांना धरून उभा होता. आता ते यंत्र घाट उभा करणार, पाणी उभं करणार, त्यात त्याचे हात आणि सनूची किंकाळी घालणार, आणि त्रिशला ते पाहून मरेपर्यंत तेच आठवणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. थांबवा म्हणून ओरडायला त्यानं तोंड उघडलं. पण त्या चित्रात सनू फाटकापासून घाटापर्यंत चालणार होती, बोलणार होती, बापाला काहीतरी विचारणार होती. परतणाऱ्या घोरपड्यांना त्यानं हळूच विचारलं की ते दाखवाल तेव्हा मलाही बसू द्याल का.